दिलीपसरांना शाल पांघरण्याआधी

श्री. दिलीप मांडवकर यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. तेव्हा मी सिडनीच्या हॅरिस पार्कला चार मुलांबरोबर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, युनिव्हर्सिटीचं, म्हणजे इथल्या भाषेत युनीचं, शिक्षण संपत आलं होतं आणि आपल्या मराठी मंडळाच्या क्रिकेट टीममध्ये मी नवा होतो. मार्च महिना होता. क्रिकेटचे शेवटचे सामने आणि रग्बी लीगचा सराव यांची मैदानांवर गर्दी होण्याचे दिवस. ब्लॅकटाउनच्या मैदानावर आम्ही किट घेऊन पोचलो, तर तिथे धिप्पाड मुलांचा एक घोळका लांबट बॉल घेऊन एकमेकांना पाडत होता. कडेला शॉर्ट्स घातलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक गृहस्थ पांढऱ्या रंगाने रेषा मारत होते. मी तावातावाने गेलो आणि माझ्या तेव्हाच्या इंग्रजीत त्यांना सुनावलं, की हे मैदान आमच्या नावावर आहे आणि मी कौन्सिलकडे तक्रार करणार आहे.

त्यांनी रेषा पुरी केली. रंगाचा डबा खाली ठेवला. मग माझ्या पायांतल्या कोल्हापुरी चपलांकडे बघत म्हणाले, “चहा घे आधी. मग भांडू.”

भांडायची वेळ आलीच नाही. आमचं मैदान झाडांच्या रांगेपलीकडचं होतं, मीच चुकीच्या फाटकातून आलो होतो. थर्मासच्या झाकणातला चहा मी मान खाली घालून प्यायलो. त्यांच्यासमोर खजील होण्याची ती माझी पहिली वेळ. त्यानंतर मी मंडळाच्याच त्या लीगच्या टीममध्ये आधी पाण्याच्या बाटल्या पोचवणारा, मग बऱ्यापैकी वाईट खेळाडू आणि शेवटी त्यांचा असिस्टंट कोच झालो, आणि खजील होण्यात आजपर्यंत खंड पडलेला नाही.

सरांना साठ वर्षं पूर्ण होताहेत, त्यानिमित्त मंडळ गौरवग्रंथ काढतंय आणि त्यात शिष्य या नात्याने मी लिहावं, असा निरोप संपादकांनी दिला. कार्य, मूल्यं, आठवणी आणि शेवटी शुभेच्छा, असा क्रमही त्यांनी सुचवला. मी त्याच क्रमाने जाणार आहे. पण हे लिहिताना मला लाज वाटतेय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मध्येच माझा सूर बिघडला तर वाचकांनी माझ्या मराठीला दोष देऊ नये.

सर दहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर कल्याणहून इथे आले. वडील रेल्वेच्या डब्यांचे ड्रॉइंग करत. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं लीग खेळत आणि या किडकिडीत मुलाला कुणी घेत नसे. एके दिवशी एक जण कमी पडला म्हणून त्यांना घेतलं, बॉल हातात दिला आणि ‘रन’ म्हणून सांगितलं. सर पळाले, ते थेट स्वतःच्याच गोलरेषेच्या दिशेने. सगळी शाळा हसली. खेळाचे शिक्षक मात्र हसले नाहीत, कारण उलट्या दिशेने पळणारा तो मुलगा एकालाही पकडता आला नव्हता. हा किस्सा सर स्वतःच सांगतात आणि प्रत्येक वेळी त्यात पकडू न शकलेल्या मुलांची संख्या थोडी वाढते.

त्यांच्या मातोश्रींना हा खेळ म्हणजे मारामारीचाच एक प्रकार वाटे. तरीही त्या शनिवारी मैदानाच्या कडेला हळद घातलेलं दूध घेऊन उभ्या राहत. पुढे सर एका नावाजलेल्या क्लबच्या राखीव संघात हाफबॅक म्हणून अनेक वर्षं खेळले. क्लबच्या पहिल्या संघातून मोजकेच सामने त्यांच्या वाट्याला आले. भारतीय चेहरा असलेला माणूस या खेळात तेव्हा दिसतच नसे, आणि प्रेक्षक जे काही ओरडत ते सर आजही पूर्ण सांगत नाहीत. इथल्या मुलांनी त्यांना ‘मँडो’ करून टाकलं आणि त्या नावाने ते खेळत राहिले.

खेळणं उतरणीला लागल्यावर ते आतल्या भागातल्या गव्हाच्या शेतांमधल्या एका गावी कॅप्टन-कोच म्हणून गेले. तिथल्या हॉस्पिटलातल्या एका नर्सने त्यांचं मोडलेलं बोट बांधलं आणि सांगितलं, की आठवडाभर बॉलला हात लावायचा नाही. त्यांनी तिसऱ्याच दिवशी लावला. ती नर्स म्हणजे आपल्या जॅनवहिनी. त्या गावात सर पूर्णवेळ कोच झाले, मग हेड कोच. रसातळाला गेलेल्या त्या संघाला त्यांनी पुन्हा उभं केलं, तेव्हा शहरातल्या दुसऱ्या फळीच्या एका संघाने त्यांना बोलावून घेतलं. तिथेही त्यांनी हेड कोच म्हणून काम केलं आणि तिथला त्यांचा शेवट कसा झाला, याबद्दल ते एवढंच म्हणतात, की हेड कोचला नोकरी गेल्याची बातमी रेडिओवरून कळते. मंडळाने लीगची टीम काढायचं ठरवलं तेव्हा सर आपणहून आले. ‘आपली मुलं आहेत’ एवढं एकच कारण त्यांनी दिलं होतं.

आता आपली मुलं म्हणजे कोण, तर टीममध्ये निम्मी मराठी-पंजाबी आणि निम्मी टोंगन-लेबनीज. सरांनी त्यांत कधी भेद केला नाही. ओरडताना तर मुळीच नाही.

ज्यांनी क्रिकेटशिवाय काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या खेळात बॉल घेऊन पळणाऱ्याला समोरचे पाडतात. पाडून झालं की पाडणाऱ्यांनी त्याच्या अंगावरून बाजूला व्हायचं, त्याला उभं राहू द्यायचं. मग तो बॉल जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे सुरू होतो. सगळे संघ यात चोरी करतात. पाडल्यावर जरा रेंगाळायचं, कोपर टेकवून ठेवायचं, उठताना त्याच्याच छातीचा आधार घ्यायचा. समोरचा जितका उशिरा उठेल तितका आपला फायदा. सरांच्या टीममध्ये हे चालत नाही. सराव चालू असताना कडेवरून त्यांचा आवाज येतो, “पाडलंस ना? आता उठू दे त्याला.”

सुरुवातीला मी एकदा त्यांना म्हणालो, की सर, बाकीचे सगळे करतात, आपणच साधे राहतोय. ते म्हणाले, “तू त्याच्यावर पडून राहिलास, तर तूसुद्धा खेळाबाहेरच असतोस की रे.” हे खरंच होतं. आमचे खेळाडू लवकर उठत आणि लवकर आपल्या जागी परतत, त्यामुळे आम्ही फारसे फसत नसू. हळूहळू ‘उठू दे’ हा शब्द सगळ्या टीमचा झाला. आमचे टोंगन फॉरवर्डसुद्धा मैदानात एकमेकांवर ‘उटू दे, उटू दे’ असं ओरडतात. एका रेफरीने ही शिवी आहे का म्हणून मला बाजूला घेऊन विचारलं होतं.

सरांच्या स्वभावाबद्दल एक प्रसंग सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळायला सोपं जाईल. युनी संपल्यावर मला एका बेकरीत शिफ्टचं काम मिळालं. कामावरून मी धावत सरावाला येई, तरी उशीर होई, आणि आल्यावर मी उभ्याउभ्या पेंगत असे. एका मंगळवारी सरांनी सगळ्यांना जाहीर केलं, की त्यांच्या गुडघ्याची फिजिओथेरपी सुरू झाली आहे, त्यामुळे सराव यापुढे उशिरा सुरू होईल, सॉरी मेट्स. मुलांनी कुरकुर केली. दोघंतिघं त्यांच्यावर चिडलेही, कारण त्यांचे संध्याकाळचे बेत मोडले. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझं नशीब बरं म्हणून घरी गेलो. पुढे बऱ्याच काळाने मी जॅनवहिनींना सरांच्या फिजिओथेरपिस्टचा नंबर मागितला, तर त्या गोंधळल्या. सर कधीच कुठल्या फिजिओकडे गेले नव्हते. माझ्यासाठी त्यांनी सगळ्या टीमचा राग अंगावर घेतला होता आणि माझ्या नावाचा उच्चारही होऊ दिला नव्हता.

असा माणूस. आणि आता मी मूळ गोष्टीकडे येतो, जी संपादकांच्या क्रमात नव्हती.

सरांचं एक ट्राय प्रसिद्ध आहे. ट्राय म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं. राखीव संघाच्या एका सेमीफायनलमध्ये सरांनी स्वतःच मारलेली किक स्वतःच झेलली, चार जणांना चुकवून दोन गोलपोस्टच्या बरोबर मध्ये बॉल टेकवला आणि सामना जिंकून दिला. त्याचा जुना, पिवळट व्हिडिओ आपण दर गणपतीत प्रोजेक्टरवर लावतो. लोक टाळ्या वाजवतात, सर हात जोडतात. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही त्याच क्षणाचा फोटो आहे.

सरांना ते ट्राय आठवत नाही. त्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये त्यांच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला होता. आज असं झालं तर खेळाडूला बाहेर काढतात, तेव्हा नाकाखाली उग्र वासाची बाटली धरत आणि परत पाठवत. सरांनी सगळा दुसरा हाफ खेळला आणि त्यातलं एक मिनिटही त्यांच्याजवळ नाही. जाग आल्यासारखं झालं तेव्हा ते ड्रेसिंग रूममध्ये होते आणि लोक त्यांना मिठ्या मारत होते. हे त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं, मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या सामन्याहून सिडनीला परतताना. म्हणाले, “ज्या एका गोष्टीसाठी लोक मला ओळखतात ना, तिथे मी नव्हतोच.” मुखपृष्ठासाठी हा फोटो निवडला तेव्हा मी कमिटीच्या बैठकीत होतो. मला हे माहीत होतं. फोटो छान आलाय असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणालो.

गेल्या मोसमात आपली टीम पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली. कॅप्टन ओंकार, इथेच जन्मलेला, मंडळाच्या सगळ्या मावश्यांचा लाडका, जीव तोडून खेळत होता. आपण चार गुणांनी पुढे होतो आणि शेवटची काही मिनिटं उरली होती, तेव्हा एका टॅकलमध्ये ओंकारचं डोकं समोरच्याच्या कमरेवर आपटलं. तो लगेच उठला. आमच्या ट्रेनरने त्याला प्रश्न विचारले आणि त्याने बरोबर उत्तरं दिली. सर त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याला एकच विचारलं, की हा मोसम सुरू झाला तेव्हा पहिला सामना आपण कुठे खेळलो? ओंकार हसला. “कोच, आय ॲम गुड,” एवढंच तो परत परत म्हणत राहिला. सरांनी ट्रेनरकडे पाहून मान हलवली आणि त्याला बाहेर घेतलं. ओंकारच्या जागी गेलेला खेळाडू नवखा होता. दोन मिनिटांत समोरच्यांनी त्याच्याच बाजूने चार गुणांचं ट्राय टाकलं, त्यानंतरची दोन गुणांची किकही मारली आणि आपण दोन गुणांनी हरलो.

ओंकारला दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या आणि पुढचे तीन आठवडे त्याला उजेड सहन होत नव्हता. नियमही सरांच्याच बाजूने होता. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मैदानाच्या कडेला आपलेच लोक काय म्हणत होते ते मी ऐकलं आहे. सर मागच्या काळातले आहेत, घाबरतात, फायनल हातची घालवली. आपल्यातले कितीतरी जण सामन्यानंतर सरांशी न बोलता गाड्या काढून गेले.

त्यानंतर कमिटीची बैठक झाली. कुणी सेमीफायनलचं नाव काढलं नाही. नवी डिव्हिजन, नवे विचार, व्हिडिओ ॲनालिसिस, हेच शब्द फिरत होते. मग कुणीतरी म्हणालं, सरांना साठ पूर्ण होताहेत ना? आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. आपल्याकडे साठ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. नोकरी संपते, घड्याळ मिळतं, माणूस घरी बसतो. सर नोकरीत नाहीत, इथे साठीला कुणी निवृत्त होत नाही, सर तर अजून मुलांबरोबर पळतात. पण आपण सगळे आठ-दहा हजार किलोमीटर लांबून तो हिशेब बरोबर घेऊन आलोय. अध्यक्ष शिरीषदादा म्हणाले, मोठा सत्कार करू, शाल, श्रीफळ, एक देखणा ग्रंथ. माणूस खूश आणि आपणही मोकळे. ‘मार्गदर्शक’ असं पद देऊ. मग हेड कोच कोण, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “तुम्ही ठरवाल तसं.”

हे वाक्य मी कुठल्याही आवाजात परत म्हणून पाहिलं तरी सुधारत नाही. मला ते पद हवं होतं. आजही हवं आहे. ते असं मिळू नये एवढं कळण्याइतकी अक्कल मला सरांनीच शिकवली होती आणि मी ती त्या खोलीत बाहेर काढली नाही. सरांना विचारावं, असं त्या बैठकीत एकालाही सुचलं नाही. सत्कार कुणी विचारून करतं का?

सत्काराचं सरांच्या कानावर गेलं आणि त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी मला सामानाच्या खोलीशी बोलावलं. तिथे बॉल, पॅड, सरावाचे प्लास्टिकचे कोन, रंगाचे डबे असतात आणि कुलपाची एकच किल्ली आहे, जी मी इतक्या वर्षांत फक्त सरांच्या गळ्यात पाहिली होती. ती त्यांनी काढून माझ्या हातात दिली. मी उगाचच म्हणालो, सर, हे काय? ते हसून म्हणाले, “दहा वर्षांचा होतो इकडे आलो तेव्हा, पण शाल म्हणजे काय ते विसरलो नाहीये. आमच्या आजोबांना शाळेत शाल दिली तेव्हा मी पुढच्या रांगेत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर दुसरेच मास्तर.”

मग त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी कामाचं बोलायला सुरुवात केली. ओंकार परतला की पहिले दोन सामने त्याला विंगवर, अगदी कडेला ठेव, तिथे मार कमी लागतो. अमुक मुलाला सगळ्यांसमोर बोलू नकोस, बाजूला घेऊन बोल, तो घरी सांगत नाही पण वडिलांची नोकरी गेलीय. मैदानाच्या कोपऱ्यात पाणी साचतं, त्या बाजूला वॉर्मअप नको. मी किल्ली मुठीत धरून मान डोलवत होतो. किल्ली त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होती आणि मला ती खिशातही टाकता येईना.

त्याच आठवड्यात जॅनवहिनी मला दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटल्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, की प्री-सीझनचा सराव या वेळी कधी सुरू होणार? दिलीपने शूज धुऊन ठेवलेत, पण तारीख सांगत नाही. म्हणजे सरांनी घरी सांगितलंच नव्हतं. ज्या माणसाने माझ्यासाठी गुडघ्याचं सोंग केलं तो आता आम्हा सगळ्यांना पाठीशी घालत होता. मी म्हणालो, अजून ठरलं नाही, नो वरीज. आणि ट्रॉली तिथेच सोडून निघून गेलो, भाजीसकट.

हा लेख मी त्यानंतर लिहायला घेतला. पहिला खर्डा वेगळा होता. त्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द दोनदा होता आणि शेवटी सरांना ‘विश्रांतीच्या नव्या पर्वासाठी’ शुभेच्छा होत्या. तो वाचून माझी बायको म्हणाली, की हा लेख वारलेल्या माणसावरचा वाटतोय. मी तो फाडला, हा लिहिला, आणि रविवारी दुपारी सरांच्या घरी गेलो.

मी सरांना हा लेख वाचून दाखवला, इथपर्यंतचा. वाचताना मी मान वर केली नाही. जॅनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण माझ्या आवाजावरून काहीतरी कळलं असावं, कारण त्या येऊन सरांशेजारी बसल्या. सरांनी मध्ये एकदाच थांबवलं, मातोश्रींच्या दुधात हळदीबरोबर जायफळही असे, ते घाल म्हणाले. मुखपृष्ठाचा नमुना मी बरोबर नेला होता. तो त्यांनी जरा लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “चांगला आलाय. हा मीच आहे, असं सगळे सांगतात.”

मग जो प्रश्न पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता तो मी विचारला.

“सर, तुम्हाला सोडायचंय का?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील, नव्या लोकांनी पुढे यावं वगैरे, आणि मला सोडवतील. मला खरंच तसं व्हावंसं वाटत होतं.

“नाही,” सर म्हणाले.

एवढंच. मी रडलो, त्याचं वर्णन करत नाही. वहिनींनी सरांना इंग्रजीत विचारलं, की हा काय विचारत होता? सरांनी त्यांना सगळं सांगितलं, आणि मग मला त्या घरात आणखी बराच वेळ बसावं लागलं, कारण वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या आणि सर मला चहा घेतल्याशिवाय सोडत नव्हते.

संध्याकाळी मी शिरीषदादांना फोन करून हा लेख त्यांनाही वाचून दाखवला. मग त्यांनी विचारलं, हे छापायचंय? मी हो म्हणालो. ते म्हणाले, “मग माझं नाव आहे तसंच राहू दे. नुसतं ‘अध्यक्ष’ करू नकोस.” त्यांनी संपादकांनाही सांगितलं, की या लेखातलं काही कापायचं नाही. कमिटीने ठरवलेलं मोडायचा अधिकार त्यांना एकट्याला नाही. तो सगळ्या सभासदांना आहे, म्हणजे हा ग्रंथ ज्यांच्या हातात आहे त्यांना. सत्काराच्या समारंभानंतर त्याच सभागृहात वार्षिक सभा आहे. एरवी आपण सत्कार संपला की जेवणाकडे जातो आणि सभेला पंधरा माणसं उरतात. या वेळी जेवण जरा थांबू शकेल, अशी माझी विनंती आहे.

मी माझ्यापुरतं सांगतो. मी हेड कोच होणार नाही. सर ठेवतील तोपर्यंत त्यांचा असिस्टंट राहीन. शाल पांघरून झाली की मी व्यासपीठावर येईन आणि सामानाच्या खोलीची किल्ली सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात परत घालीन. तुम्ही टाळ्या वाजवा किंवा वाजवू नका. मग सभेत हात वर करायची वेळ येईल तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

दिलीपसरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचा गुडघा, त्यांचा आवाज आणि त्यांची स्मरणशक्ती ठणठणीत राहो. पुढचं प्रत्येक ट्राय त्यांना आठवो. त्यांच्या पंचाहत्तरीला आपण पुन्हा ग्रंथ काढू आणि त्या वेळी मुखपृष्ठावरचा फोटो त्यांनाच निवडू देऊ. प्री-सीझनची तारीख मी जॅनवहिनींना अजून कळवलेली नाही, ती तुमच्या हातात आहे. सरांना पाडलंय ते आपणच, मी सर्वांत वर आहे. आता उठू द्या त्यांना.